पोह्यांच्या जागी चक्का

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की सत्तरचं दशक सरत आलेलं असताना, हिवाळ्यातल्या एका रविवारी, नागपूरच्या प्रताप नगरातल्या एका घरात मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम झाला आणि त्यात कांदेपोहे केले गेले नाहीत. आलूबोंडे झाले नाहीत. साबुदाण्याचे वडे झाले नाहीत. चिवड्याचा डबा तर मुद्दाम शेजारी नेऊन ठेवला होता. ज्यांना हे वाचून धक्का बसला असेल त्यांनी जरा टेकावं, घोटभर पाणी प्यावं. बातमी ऐकीव नाही. दाखवायची मुलगी मी होते.

या अघटिताची सुरुवात मावशीपासून झाली. मावशी म्हणजे आईची लांबची बहीण. राहायला रामदासपेठेत, आणि सगळ्या नातेवाइकांची लग्नं जुळवणं हा तिचा छंद. रविवारच्या आधी चार दिवस ती आली, पंख्याखाली बसली, हिवाळा असूनही पंखा लावायला सांगितला आणि म्हणाली, "निरोप हाय."

"कोनाचा?" आईने विचारलं.

"मुलाच्या आईचा. तिच्या नवऱ्याले डॉक्टरनं तेल बंद केलं. तेल, तूप, साय, लोनी, समदं. आजवर पाहुन्याच्या घरचं तिनं चालवून घेतलं, पन आता मले बजावून सांगतलं. मुलीकडे तेलकट काही समोर आलं, तं आम्ही चहासुद्धा न घेता उठून जाऊ."

आईने घाबरत विचारलं, "पन पोहे तं चालतीन ना?"

"पोह्यात तेल नसते काय वं?"

"लागते तेवढंच टाकतो ना बाई!"

"बिनतेलाचे कर मंग."

आईने मावशीकडे असं पाहिलं, की जणू तिने पोरीला बिनसाडीची पाहुण्यांसमोर आणायला सांगितलं होतं.

आता पडदा जरा बाजूला सारते, कारण घरातल्या कोणालाही माहीत नसलेली एक गोष्ट वाचकांना माहीत असलेली बरी. मुलगा मला आधीपासून ठाऊक होता.

मी एका मुलींच्या शाळेत शिकवत होते. (त्यामुळे आमच्या घरात एकटी मीच 'मले'च्या ऐवजी 'मला' म्हणायची, आणि बाबा त्याबद्दल मला अधूनमधून पुणेकर म्हणायचे.) शाळा सुटल्यावर तिथल्याच हॉलमध्ये आमच्या हौशी नाटकमंडळींच्या तालमी चालत. मला मोठी भूमिका मिळायची, कारण माझा आवाज मोठा होता. तो प्रॉम्प्टर होता, कारण त्याचा आवाज विंगेतून फक्त पहिल्या माणसापर्यंत पोचायचा. पण पोचायचा नेमका. एका संध्याकाळी तिसऱ्या अंकात मी अडले. सवयीने डावीकडे कान केला. विंगेतून वाक्य आलं, "आमच्याकडे स्थळ म्हणून निरोप पाठवाल का?" ते मी समोरच्या खलनायकाला दणदणीत आवाजात अर्धंअधिक म्हणून टाकलं, तेव्हा कुठे लक्षात आलं की हे नाटकात नाही. खलनायक बिचारा बराच वेळ आपलं पुढचं वाक्य शोधत राहिला.

मग हे स्थळ कोणीतरी मावशीच्या कानावर घालावं अशी व्यवस्था झाली. ते आपणच शोधून काढलं अशी तिची आजवर समजूत आहे. असू दे.

अडचण एकच होती. मुलाचे वडील.

ते मूळचे काटोलकडचे, संत्र्यांच्या बागेत वाढलेले, नोकरीतून निवृत्त होऊन नागपुरात राहिलेले ऐसपैस गृहस्थ. मुलासाठी मुली पाहायला दर रविवारी मोठ्या हौसेने निघत. प्रत्येक घरी बसत, खात, आग्रह झाला की पुन्हा घेत, नाही झाला तरी घेत, आणि उठताना म्हणत, "कळवतो." कळवत कधी नसत. त्यांच्या पत्नीला वाटे, आपला माणूस फार चोखंदळ, सुनेच्या बाबतीत तडजोड म्हणून करायचा नाही. नात्यागोत्यात ती हे अभिमानाने सांगे. खरा प्रकार मुलालाच ठाऊक होता. आईला सायकलरिक्षात बसवून दिलं, की वडील त्याच्या स्कूटरवर मागे बसत आणि कानात मोहल्लावार अहवाल देत. "महालातल्या पोट्टीकडचे आलूबोंडे बरे होते, पन चटनी पानचट. अन् त्या सक्करदऱ्याकडचे वडे! वाहवा!" मुलगी कशी होती, हे विचारलं तर मात्र विचारात पडत. "होती ना. तिनंच तं प्लेट आनली."

डॉक्टरने तंबी दिल्यापासून घरी त्यांच्या ताटात उकडलेला दुधी आणि मुगाचं पाणी येत होतं. तिखटही त्यांच्या पत्नीने आपल्याच हिमतीवर बंद केलं होतं, डॉक्टर विसरला असेल म्हणून. म्हणजे मुली पाहणं हा त्या गृहस्थांचा आठवड्यातला एकमेव आनंद उरला होता. असा माणूस 'हो' कशाला म्हणेल? 'हो' म्हटलं की पुढच्या रविवारी पुन्हा दुधी.

आणि इकडे माझ्या बाबांनी जाहीर करून टाकलं, "भिलाईवाल्याइचा होकार येऊन पडला हाय. आता हे रविवारचे लोकं 'कळवतो' म्हनून गेले, तं सोमवारी मी भिलाईले हो म्हनतो. माझी पोरगी काय जनमभर कळवन्याची वाट पाहात बसन काय?"

भिलाईच्या मुलाबद्दल माझी काही तक्रार नव्हती. फोटोत तो चांगला होता. पण भिलाईत माझ्या डाव्या कानाला विंग नव्हती.

दुसऱ्या दिवशी तालमीत मी हे सगळं प्रॉम्प्टरला सांगितलं. तो कुजबुजला. तो कुजबुजण्यापलीकडे बोलतच नसे. म्हणाला, "बाबांना तेलाचं काही नाही. त्यांना झणका लागतो. नाकात काहीतरी गेलं पाहिजे, डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. ते तेलाशिवाय जमलं तर बघ."

आमच्या शाळेत गृहविज्ञान शिकवणारी माझी एक मैत्रीण होती. तिला विचारलं. तिने क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, "डिप कर."

"काय?"

"डिप. साय काढलेल्या दुधाचं दही लावायचं, टांगून घट्ट करायचं, त्यात काय मसाला घालायचा तो घालायचा. भाज्या बोटांएवढ्या कापून बाजूला ठेवायच्या आणि त्यात बुडवून खायच्या. तेल नाही, साय नाही. विलायतेत पार्ट्यांना करतात म्हणे."

मी ही विलायती बातमी घरी आणली. आईने शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "म्हंजे कोशिंबीरच ना वं?"

"नाही आई. कोशिंबिरीत भाजी बारीक चिरून दह्यात कालवतात. यात दही वेगळं, भाजी वेगळी. पाहुणा आपली आपण बुडवून खातो."

"अस्सं. म्हंजे कोशिंबीर अर्धी करून सोडून द्याची, अन् बाकीचं काम पाहुन्याले लावाचं."

पुढे डिप या विषयावर मी बरंच वाचलं, बरंच खाल्लं. इतकी चोख व्याख्या मला कुठेही सापडली नाही.

बाबा ओसरीवर पेपर वाचत होते. तिथूनच म्हणाले, "गाजरं उभे कापून कच्चेच देऊन राहिली काय वं? पाहुने येऊन राहिले का बैलं?"

मी कामाला लागले. आमच्याकडे म्हशीचं दूध यायचं, आणि म्हशीच्या दुधातून साय वेगळी करणं म्हणजे आमच्या आईच्या काळजाला हात घालणं. दूध तापवून थंड केलं, साय काढली. पुन्हा तापवलं, पुन्हा थंड केलं, पुन्हा काढली. आई तेवढा वेळ माझ्याकडे पाठ करून बसली होती. विरजण लावलं. दही लागलं ते पांढरंस्वच्छ, पण चेहऱ्यावर तेज नाही असं. जुन्या मलमलच्या कापडात ते बांधलं आणि पुरचुंडी ओसरीच्या खिडकीच्या गजाला टांगली. खाली पातेलं ठेवलं.

इथे एक चूक झाली, जी फक्त आमच्या गल्लीतच चूक ठरू शकते. ओसरी रस्त्यावर होती. टांगलेला चक्का म्हणजे श्रीखंड, आणि दिवाळी-दसरा नसताना श्रीखंड म्हणजे साखरपुडा. समोरच्या काकू फाटक न उघडताच ओरडल्या, "चक्का टांगला का वं? म्हंजे जमलं!"

"अहो, अजून पाहायचेच आहेत लोक," मी म्हणाले.

"अवो, चक्का तं टांगला ना!" काकूंच्या मते पुराव्यापुढे आरोपीचं म्हणणं चालत नव्हतं. संध्याकाळपर्यंत दूधवाल्याने बाबांचं अभिनंदन केलं आणि सोमवारी जास्तीचं दूध लागेल ना, म्हणून विचारून गेला. बाबा आत येऊन मला म्हणाले, "आता तुये ते लोकं 'कळवतो' म्हनून गेले, तं या गल्लीत मले तोंड दाखवाले जागा नाही." म्हणजे माझ्या डोक्यावर भिलाई होतीच, वर गल्लीही येऊन बसली.

पहिला प्रयोग मीठ आणि जिऱ्याचा. तो खाऊन पाहिल्यावर भिंतीला देतात तो चुना कसा लागत असेल याची कल्पना आली. शिवाय इतका घट्ट, की काकडी त्यात शिरताना मोडली. तेव्हा कळलं की चक्क्याला सैल करायचं तर पाण्याने नाही, खालच्या पातेल्यात गळलेल्या त्याच्याच निवळीने करायचं. पाण्याने चव पळते, निवळीने आंबटपणा परत येतो. मीठ शेवटी, अगदी वाढण्याआधी, नाहीतर सगळं पाणी सुटून वाटीत तळं होतं. हे शोध मला कोणी शिकवले नाहीत. चक्का वाया घालवून लावले. वाया गेलेला चक्का आई साखर घालून बाबांना देत होती, आणि त्यामुळे बाबांचा या प्रयोगांना असलेला विरोध हळूहळू मावळत चालला होता.

दुसऱ्या प्रयोगात संत्र्याची साल किसून घातली. काटोलच्या माणसाला आपल्या गावची आठवण यावी, हा माझा कावा. बाबांनी चाखलं आणि म्हणाले, "बरं लागते. आंघोळ केल्यासारखं वाटते." तो प्रयोग तिथेच आटोपला.

मग शेगडीच्या निखाऱ्यात लसणीचे गड्डे भाजले. भाजलेल्या लसणीचा उग्रपणा जातो आणि ती लोण्यासारखी मऊ होते. सालीतून पिळली की थेट चक्क्यात. त्यात भाजलेलं जिरं, काळं मीठ. आईने बोट बुडवून चाखलं, पुन्हा बुडवलं. दुसरीत हिरव्या मिरच्या भाजून, सांबार भरपूर वाटून घातला. (नागपूरबाहेरच्या मंडळींनी दचकू नये. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. चक्क्यात डाळ ओतली नव्हती.)

पण झणका नव्हता. नाकात काही जात नव्हतं.

तो सापडला आईच्याच एका बोलण्यातून. कैरीच्या लोणच्याच्या वेळी ती मोहरी फेसायची. मोहरी पाट्यावर थोडं पाणी घालून वाटायची, मग वाटीत घेऊन चमच्याने फेसत राहायची. जितकी फेसाल तितकी ती चढते. आई म्हणायची, मोहरी फेसताना कोनाचा तरी राग मनात धराचा, मंग ती बरोबर तयार होते. मी भिलाई मनात धरली. काही वेळात डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ती मोहरी, हळद आणि ठेचलेली हिरवी मिरची मी चक्क्यात कालवली. तेलाचा थेंब नाही. बाबांना मुळ्याची एक फाक बुडवून दिली. बाबांनी ती तोंडात टाकली, उभे राहिले, ओसरीच्या टोकापर्यंत गेले, तिथे थांबले, परत आले, डोळे पुसले आणि म्हणाले, "अजून हाय काय?"

मला माझं शस्त्र मिळालं होतं.

रविवारी दुपारी गाजर, मुळा, काकडी, फुलकोबीचे तुरे, पातीचे कोवळे कांदे असं सगळं कापून माठाच्या गार पाण्यात टाकलं. तिथे ते कडक होऊन वाट पाहत होते. तीन वाट्या भरल्या. हिरवी सांबाराची, पांढरी लसणीची, पिवळी मोहरीची. मोठं स्टीलचं ताट मधोमध, वाट्या त्यात. मागे सरून पाहिलं. विलायतेला लाज वाटेल असं दिसत होतं. मग मी साडी नेसायला गेले.

निऱ्या हातात होत्या. बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला, स्कूटरही आली, बाबांचं "या जी, या" ऐकू आलं. आणि त्याच क्षणी स्वयंपाकघरातून आवाज आला, चर्रर्र.

तो आवाज ज्या घरात वाढलेल्या माणसाला ओळखू येत नाही ते घर मराठी नाही. मी निऱ्या कशाबशा खोचत धावले. आई ओट्याशी उभी होती. तिच्या हातात फोडणीची लोखंडी पळी होती, रिकामी. माझ्या पिवळ्या वाटीत हिंग, मोहरी, सुकी मिरची आणि तेलाचं एक सोनेरी तळं चमकत होतं.

"आई! हे काय केलंस? तेल!"

"तेल कुठं हाय? फोडनी दिली."

"फोडणीत काय असतं, आई?"

"मोहरी. हिंग. मिरची."

"आणि ते सगळं कशात?"

"पळीत."

आई समजुतीने म्हणाली, "काहून अशी करून राहिली? कच्चं दही पाहुन्यासमोर ठेवाचं म्हंजे कसं दिसते ते? उघडंबोडकं. बाकीच्या दोन वाट्याइले बी देऊन राहिली होती, तूच आली धावत." वर तिने जोड दिली, "अन् मोहरीलेच मोहरीची फोडनी दिली. घरच्या घरातच गेली."

चमच्याने तेल काढायला गेले तर ते आणखी पसरलं. नवा चक्का नव्हता. उरलेला बाबा साखरेसकट संपवून बसले होते. बाहेरून मावशीची हाक आली, "आन वं पोरी!" पिवळ्या वाटीशिवाय जावं, तर झणका गेला. घेऊन जावं, तर पाहुणे चहा न घेता गेले. मी वाटीपुढे गाजरांची एक तटबंदी उभारली, ताट उचललं आणि रंगमंचावर प्रवेश केला.

मुलाचे वडील खुर्चीत सरसावून बसले होते. ताट खाली ठेवलं गेलं तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला, की सर्कशीचं तिकीट काढून तंबूत शिरलेल्या माणसाला आत भजन चाललेलं दिसावं.

"हे काय होय?" त्यांनी विचारलं.

"डिप," मी म्हणाले.

"डीप म्हंजे खोल ना?" असं म्हणून त्यांनी वाकून वाटीत पाहिलं, किती खोल आहे ते. मग आशेने मागे स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. "अन् पोहे मागून येऊन राहिले काय?"

"पोहे नाहीत," त्यांची पत्नी म्हणाली. ती ताठ बसलेली, बारीक, तीक्ष्ण नजरेची बाई होती. "मीच नाही म्हनून सांगतलं. हेच खा."

त्यांनी एक गाजर उचललं. न्यायाधीशाने शिक्षा लिहायला पेन उचलावं तसं. हिरव्या वाटीत बुडवलं, चावलं. भुवया किंचित वर गेल्या. काकडी पांढऱ्या वाटीत बुडवली. "हूं." आणि मग तो हात, ज्याला आयुष्यभर तेलाचा पत्ता विचारावा लागला नव्हता, माझी तटबंदी बाजूला सारून पिवळ्या वाटीकडे गेला.

मुळा आत गेला. गृहस्थ थांबले. डोळे मिटले. डोळ्यांच्या कडांना पाणी आलं. नाकाचा शेंडा लाल झाला. ते डोळे उघडून दुसरा मुळा घेते झाले. मग फुलकोबी. मग पातीचा कांदा, मुळासकट. मग पुन्हा मुळा. वाटी त्यांनी हळूच स्वतःकडे ओढून घेतली.

त्यांची पत्नी नवऱ्याकडे पाहत राहिली. "घरी हा मानूस गाजर दिसलं की ताटावरून उठते," ती माझ्या आईला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "यात काय काय टाकलं वं, बाई?"

मी अडले. सगळं पाठ होतं, पण माझी नजर त्या वाटीतल्या तेलाच्या लकाकीवर खिळली होती आणि तोंडातून शब्द फुटेना. डावीकडून, जिथे मुलगा इतका वेळ मान खाली घालून बसला होता, तिथून अगदी हळू आवाज आला, "फेसलेली मोहरी, हळद, हिरवी मिरची."

"फेसलेली मोहरी, हळद, हिरवी मिरची," मी खणखणीत म्हणाले.

"तुले कसं माहीत रे?" त्याच्या आईने विचारलं.

"वास येऊन राहिला ना," तो म्हणाला. कान लाल झाले होते.

बाईंनी वाटी आपल्याकडे वळवली. तिरकी करून पाहिली. उजेडात धरली. सोनेरी तळं एका काठावरून दुसऱ्या काठाला संथपणे गेलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला भिलाईच्या चिमण्या स्पष्ट दिसायला लागल्या.

"तेल किती हाय यात?" बाईंनी माझ्या आईला विचारलं.

"तेल?" आई म्हणाली, आणि तिच्या आवाजात गंगेचं पाणी होतं. "थेंब नाही जी. निस्ती फोडनी हाय."

वडिलांचा हात, त्यात गाजर, वाटीपासून वीतभर अंतरावर थांबला. मावशीने पंख्याकडे पाहिलं.

"फोडनी होय!" बाईंनी सुटकेचा श्वास टाकला आणि वाटी खाली ठेवली. "मले वाटलं, तेल टाकलं का काय. फोडनी तं लागतेच ना बाई. दह्याले फोडनी नसन तं बाधते. अन् मिरचीचं काय, दह्यात तिखट मरते."

"तेच तं म्या हिले सांगून राहिली होती," आई म्हणाली.

"मी तं याइच्या दुधीवर रोज दोन पळ्या फोडनी टाकतो. डॉक्टर म्हनते, तेल बंद करून बी वजन काहून उतरून नाही राहिलं. मी म्हनलं, आता ते तुम्हीच पाहा."

दोन्ही आया एकमेकींकडे पाहून अशा हसल्या, की त्यांच्यापुरतं लग्न तिथेच लागलं. मी मुलाकडे पाहिलं. तो नखांकडे पाहत होता आणि त्याचे खांदे हलत होते. आमची आई आजही सांगते, की हे लग्न फोडणीने जमलं. मी म्हणते, फेसलेल्या मोहरीने. या विषयावर आमच्या घरात कधी एकमत झालं नाही आणि होऊही नये.

पण त्या क्षणी काहीच जमलं नव्हतं. बोलायचं त्यांनी होतं, ज्यांचं तोंड भरलेलं होतं. गाजर वाटीत पोचलं होतं, परत आलं होतं. आता ते गृहस्थ बोटाने वाटीचा तळ पुसत होते. माझ्या बाबांनी घसा साफ केला. घर, गल्ली, दूधवाला, भिलाई, सगळं त्या एका वाक्यात बांधून त्यांनी शक्य तितक्या सहजपणे विचारलं, "मंग जी... कळवता काय?"

"आता कायचं कळवाचं?" मुलाचे वडील बोट चाटत, शेजारी आपली पत्नी बसली आहे हे साफ विसरून, उत्साहाने म्हणाले, "असं घरीच खायले भेटन, तं मंग मी दर रविवारी पोट्ट्या पाह्याले जाऊ कायले?"